सी. डिफची टॉक्सिन टेस्ट: सॅम्पल कधीचं आहे ते आधी विचारा

सी. डिफ म्हणजे क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल, अँटिबायोटिकनंतर जुलाब करणारा आतड्यातला जंतू, आणि ही टेस्ट शौचाच्या सॅम्पलमध्ये तो जंतू आणि त्याचं टॉक्सिन, म्हणजे विष, शोधते. मायक्रोबायोलॉजीत नवीन आलात की ही कार्ड टेस्ट सोपी वाटते, अर्ध्या तासात रिपोर्ट. मलाही वाटली होती, आणि रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी याच टेस्टचा एक चुकीचा निगेटिव्ह माझ्या सहीने गेला.

पेशंट आजोबा, न्यूमोनियासाठी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक चाललेलं, मग दिवसाला सहा-सात जुलाब. कार्डावर जीडीएचची (जंतूच्या एका एन्झाइमची) रेघ ठळक, टॉक्सिनची रेघच नाही. सॅम्पल सकाळी सहाचं, मे महिना, वॉर्डच्या टेबलावर पडून राहिलेलं, वॉर्डच्या मामांनी (वॉर्डबॉयनी) दुपारी एक वाजता आणलं आणि मी वेळ बघितलीच नाही!

आता हे दोनदा वाचा. जीडीएच हे जंतूचं एन्झाइम, टॉक्सिन न बनवणाऱ्या सी. डिफमध्येही असतं आणि बऱ्यापैकी टिकतं. टॉक्सिन ए आणि बी मात्र नाजूक, बाहेर ठेवलं तर दोन तासांतसुद्धा इतकं तुटू शकतं की किटला सापडत नाही. म्हणजे जीडीएच पॉझिटिव्ह, टॉक्सिन निगेटिव्ह आलं तर एक तर स्ट्रेन (जंतूचा तो प्रकार) टॉक्सिन बनवत नाही, नाही तर टॉक्सिन किटला पकडता येण्याइतकं नाही, किंवा ते होतं आणि टेबलावरच संपलं, आणि कार्ड तिन्ही वेळा सारखंच दिसतं. म्हणून लगेच लावणार नसाल तर 2 ते 8 डिग्रीला ठेवा, उशिराचं असेल तर नवीन मागवा, सिस्टर चिडल्या तरी मागवाच. आजोबांचं ताजं सॅम्पल दुसऱ्या दिवशी पॉझिटिव्ह आलं, तोंडाने व्हँकोमायसिन सुरू झालं, पण एक दिवस माझ्यामुळे गेला.

"सरळ पीसीआर लाव" म्हणणारे सीनियर भेटतील, माझं त्यांच्याशी अजिबात पटत नाही. पीसीआरला टॉक्सिनचा जीन दिसतो, टॉक्सिन नाही, त्यामुळे आतड्यात जंतू नुसता राहतोय असा पेशंटही पॉझिटिव्ह येतो. जीडीएच आणि टॉक्सिन जुळत नसतील तेव्हा ती लावा, तिथे ती खरंच कामाची.

घट्ट शौच आलं तर टेस्ट लावू नका. 24 तासांत तीन किंवा जास्त पातळ जुलाब हवेत, आणि पोट साफ होण्याचं औषध (लॅक्सेटिव्ह) दिलंय का तेही विचारा. नीट घेतलेलं सॅम्पल निगेटिव्ह आलं तर उगाच सात दिवसांच्या आत रिपीट नको, आणि बरं झाल्यावर खात्रीसाठी तर नकोच.

रेघा वाचणं आठवड्याभरात जमतं, त्याचं टेन्शन घेऊ नका. मला खरं शिकवलं ते आमच्या जुन्या टेक्निशियन काकांनी, ते कंटेनर हातात घेतला की आधी "किती वाजताचं?" विचारायचे. आता मी फॉर्मवर वेळ लिहिलेली नसेल तर कार्ड उघडायच्या आधी वॉर्डला फोन लावते.