पावसाआधी टायर घेताना चार आकडे वाचा

मृगाची पहिली सर आली की आपल्या नागपूरच्या सिमेंट रोडवर गुळगुळीत टायर सरकतात, आणि चारही नवे घ्यायचे तर खिसा रिकामा. दोनच घ्या, पण बघून.

१. टायरच्या कडेवर ‘DOT’ (डॉट) या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, त्याच्या शेवटी चार आकडे. १४२५ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. वर्षाच्या आतला माल मागा. परवा मला भारी सवलतीत दाखवलेली जोडी चार वर्षांची निघाली! आकडे दिसत नसतील तर टायर उलटा करायला लावा, बरेचदा ते एकाच बाजूला असतात.

२. साइज जुनीच. पाणी बाहेर फेकायला गोल फिरणाऱ्या रुंद, खोल खाचा हव्यात.

३. नवी जोडी मागे लावा. दुकानदार पुढे लावू म्हणेल, ऐकू नका. ओल्यात मागची चाकं सुटली तर गाडी गरकन फिरते.

पुढे जाणारे जुने मात्र तपासा. कायद्याने १.६ मिमी खोल खाच चालते, पण पावसात ३ मिमीच्या खाली नको.