स्कॅन म्हणजे रेकॉर्ड नव्हे: जुन्या कागदांचा डेटाबेस कसा मांडायचा

सगळे जे करतात तेच मीही केलं होतं, एक्सेल उघडलं आणि एका स्कॅनला एक ओळ. चार पानांचं एक पत्र, त्याच्या चार ओळी, तिसरं पान धूसर आलं म्हणून परत स्कॅन केलं तर पाचवी ओळ, आणि लिहिणाऱ्याचं नाव प्रत्येकीत वेगळ्या स्पेलिंगने. मग कोणीतरी विचारलं एकूण पत्रं किती, झालं, बोंबला.

तर कागद वेगळा आणि त्याचा स्कॅन वेगळा, दोन टेबलं करा. एकात पत्राचं वर्णन, दुसऱ्यात स्कॅन: कोणत्या पत्राचा, पान कितवं, मास्टर टिफ (जपून ठेवायची मोठी प्रत) की बघायची जेपेग (छोटी प्रत), स्कॅनची तारीख, चेकसम (फाइलवरून काढलेला आकडा, फाइल जरा जरी बदलली तरी तो बदलतो). चेकसम स्कॅन झाल्याझाल्या काढा, वर्षभराने काढलात आणि तोवर फाइल बिघडलेली असली तर बिघडलेल्याच फाइलचा चेकसम जपून ठेवाल. आणि हो, या टेबलाला ‘फाइल’ नाव देऊ नका, अर्काइव्हवाले कागदांच्या गठ्ठ्यालाच फाइल म्हणतात, मीटिंगमध्ये अर्धा तास त्यातच जातो.

वर्णनाच्या टेबलात संग्रह, त्यातली सिरीज (एका प्रकारच्या कागदांचा गट), फाइल (गठ्ठा), आयटम (एकेक पत्र) सगळं एकत्रच ठेवा, फक्त प्रत्येक ओळीला ‘पातळी’ (यांतली कोणती) आणि ‘पेरेंट आयडी’ (ती ज्याच्या पोटात येते त्या ओळीचा आयडी) द्या. आयसॅड-जी नावाचं अर्काइव्हमधल्या कागदांच्या वर्णनाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, त्यात एकूण २६ रकाने आहेत पण अत्यावश्यक म्हणावेत असे ६च: संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, तारीख, आकारमान, पातळी. बाकीचे लागतील तसे. संग्रहाच्या पातळीवर एकदा लिहिलेलं खाली प्रत्येक पत्राला परत चिकटवत बसू नका.

खरी डोकेदुखी तारखेची. कागदावर ‘मंगळवार’ एवढंच असतं, किंवा मागे कोणीतरी पेन्सिलने ‘१९२० च्या आसपास?’ लिहून ठेवलेलं असतं, आणि डेटाबेसला हवा असतो दिवस-महिना-वर्ष. मी तीन कॉलम ठेवते. पहिला साधा टेक्स्ट, जसं दिसतं तसं, प्रश्नचिन्हासकट. मग ‘लवकरात लवकर’ आणि ‘उशिरात उशिरा’, समजा १९१५-०१-०१ आणि १९२५-१२-३१, म्हणजे शोध आणि क्रमवारी चालते आणि अंदाज आपलाय हेही लपत नाही. काहीच माहीत नसेल तर रिकामं सोडा. १ जानेवारी १९०० ला लिहिलेली शेकडो पत्रं कुठे दिसली तर समजा फॉर्ममध्ये तारीख कंपल्सरी होती!

नावांचं टेबल वेगळंच. एका माणसाला एक आयडी, त्याखाली नावाची सगळी रूपं, आणि पत्राशी जोडताना भूमिका पण लिहा, लिहिणारा की ज्याला लिहिलं तो, नाहीतर ‘यांची पत्रं’ आणि ‘यांना आलेली पत्रं’ कायमची मिसळतात.

आयडीत खोक्याचा नंबर कोंबायचा मोह होतो, टाळा. खोकी बदलतात, कपाटं बदलतात, जागेचा कॉलम वेगळा ठेवा. आकडे ०००७ असे शून्यं लावून, नाहीतर १० हा २ च्या आधी येतो. हक्कांसाठीही (कॉपीराइट वगैरे) एक कॉलम हवाच, नंतर भरू म्हणालात तर कधीच भरला जात नाही.

डब्लिन कोअर (वस्तूंचं वर्णन करायचा साधा, सगळीकडे चालणारा साचा) याचे १५ घटक बाहेर डेटा द्यायला मस्त आहेत, पण आतली रचना त्याच्यावर बेतू नका, मूळ पत्राची तारीख आणि स्कॅनची तारीख एकाच ‘डेट’मध्ये जाऊन बसतात.

आणि हे सगळं बांधायच्या आधी ३० वस्तू हाताने भरून बघा, नीटनेटक्या नकोत, अर्धी फाटलेली, बिनसहीची, दोन पत्रं एकाच कागदावर असलेली अशी निवडा.