व्हिजनेर कूटलिपी: संदेश कसा लपवावा आणि कसा उलगडावा

एका अक्षराऐवजी प्रत्येक वेळी तेच दुसरे अक्षर लिहिण्याची पद्धत फार काळ टिकत नाही, कारण भाषेत काही अक्षरे वारंवार येतात आणि त्यांची मोजदाद केली की कूट फुटते. यावर तोडगा म्हणून पंधराव्या शतकात इटलीतील लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती यांनी एकाच संदेशात अनेक वर्णमाला वापरण्याचा मार्ग दाखवला, आणि १५१८ मध्ये जर्मन मठाधिपती ट्रिथेमियस यांचे, प्रत्येक ओळीत वर्णमाला एकेक घर सरकवून लिहिलेले चौकोनी कोष्टक छापले गेले. मात्र या कोष्टकातील ओळी ठरलेल्या क्रमानेच घेतल्या जात असल्याने पद्धत कळली की गुपितही उघडे पडे. कोणती वर्णमाला केव्हा घ्यायची हे एका गुप्त शब्दाने ठरवण्याची कल्पना जोव्हान बात्तिस्ता बेलासो यांनी १५५३ मध्ये मांडली. एकोणिसाव्या शतकात तिला फ्रेंच मुत्सद्दी ब्लेझ द व्हिजनेर यांचे नाव चिकटले; खरे श्रेय बेलासो यांना मिळायला हवे.

देवनागरीत ही रीत सहज करून पाहता येते. क = ०, ख = १, ग = २ असे क्रमांक देत जावे, म्हणजे ह = ३२ आणि ळ = ३३ येईल. काना-मात्रा नसलेला 'परत वळ' हा संदेश घ्यावा, किल्ली म्हणून 'गज' हा शब्द ठरवावा आणि संदेशाखाली ग, ज, ग, ज, ग असा तो पुन्हा पुन्हा लिहावा. आता वरखालच्या अक्षरांच्या क्रमांकांची बेरीज करावी. ती ३४ किंवा अधिक झाल्यास त्यातून ३४ वजा करावेत. प (२०) आणि ग (२) मिळून २२, म्हणजे ब. र (२६) आणि ज (७) मिळून ३३, म्हणजे ळ. असे करत 'बळदखख' तयार होते. यातील पहिला ख 'व'पासून आणि दुसरा 'ळ'पासून आला आहे, आणि साधी मोजदाद फसते ती नेमकी यामुळेच. उलगडताना बेरजेऐवजी वजाबाकी करावी. उत्तर ऋण आल्यास त्यात ३४ मिळवावेत.

किल्ली मात्र 'गज'इतकी छोटी कधीही ठेवू नये. ती पुन्हा पुन्हा येत असल्याने लांब संदेशात तेच अक्षरसमूह परत दिसू लागतात, आणि त्यांच्यातील अंतरांवरून किल्लीची लांबी काढता येते, हे प्रशियाचे सैन्याधिकारी फ्रीडरिख कासिस्की यांनी १८६३ मध्ये प्रसिद्ध केले. किल्ली संदेशाइतकीच लांब, पूर्णपणे यादृच्छिक, गुप्त आणि एकदाच वापरलेली असेल, तर हा मार्ग बंद होतो.