हॅम रेडिओमुळे शेजारच्या टीव्हीत येणारा व्यत्यय कसा थांबला

मी माझ्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओ संचावरून 7.1 मेगाहर्ट्झवर बोलू लागलो की शेजारच्या काकांच्या टीव्हीवरचे चित्र अडखळत असे. गच्चीवरच्या डायपोलची, म्हणजे दोन भुजांच्या तारेच्या अँटेनाची, सुमारे 20 मीटर, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीइतकी लांबी योग्यच होती. परंतु संच आणि अँटेना जोडणारी कोॲक्शियल केबल (मध्ये तार आणि तिच्याभोवती धातूची जाळी असलेली) हाताने हलवली की एसडब्ल्यूआर मीटरचा, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते हे दाखवणाऱ्या मीटरचा, काटाही हलत होता, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची खूण होती. डायपोलच्या दोन्ही भुजा समतोल असतात, केबल मात्र तशी नसते. त्यामुळे काही प्रवाह केबलच्या जाळीच्या बाहेरील पृष्ठभागावरून खाली उतरतो आणि घराला लागून जाणारी केबलच अँटेनासारखे प्रसारण करू लागते. म्हणून हा बाहेरचा प्रवाह अडवण्यासाठी केबल अँटेनाला जिथे जोडली जाते, तिथेच 43 क्रमांकाच्या मिश्रणाच्या मोठ्या फेराइट (चुंबकीय सिरॅमिक) कड्यावर याच आरजी-58 प्रकारच्या केबलचे 12 वेढे घेऊन ते पक्के बांधले. (लोखंडाच्या भुकटीचे कडे येथे उपयोगी पडत नाही, हे खरेदीपूर्वी अवश्य पाहावे.) त्यानंतर केबल हलवली तरी काटा स्थिर राहू लागला. उरलेला किंचित व्यत्यय काकांच्या टीव्हीची वीजतार तशाच दुसऱ्या कड्यावर गुंडाळल्यावर थांबला, आणि आता माझे प्रसारण चालू असतानाही त्यांना बातम्या निर्वेध पाहता येतात.