परदेशातला पगार आणि पुण्यातला पगार: खर्चाची तुलना घरच्या घरी कशी करायची

ऑफर लेटर आलं की घरात सगळ्यात आधी गुणाकार होतो. ६० हजार युरो, युरो धरा १०० रुपये, म्हणजे ६० लाख, आणि इथे हिंजवडीत १५ लाख मिळतायत, म्हणजे चौपट, झालं, बाबा पेढे आणायला निघतात. आम्ही पण कोथरूडच्या घरात बसून नेमकं हेच केलं होतं, आणि जर्मनीत स्टुटगार्टला गेल्यावर पहिले सहा महिने मला कळतच नव्हतं की एवढा पगार असून महिनाअखेरीला खात्यात एवढंच का उरतंय. चार वर्षं राहून परत आलो, आता ओळखीत कुणाला ऑफर आली की ते हिशोबाला माझ्याकडे येतात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं. उदाहरण जर्मनीचं घेतलंय कारण तिथलं मला माहितीये, आणि पुण्यातून तिकडे जाणारेही खूप आहेत. देश दुसरा असला तरी पद्धत हीच, फक्त कॉलम बदलतील.

नियम एकच आहे. तिकडचा खर्च तिकडच्या पैशात मांडायचा, इकडचा इकडच्या, आणि रुपयात रूपांतर फक्त शेवटी एकदा करायचं, तेही फक्त उरलेल्या पैशाचं. पगाराचं नाही, भाड्याचं नाही, कॉफीचं तर अजिबात नाही.

असं का, तर प्रत्येक वस्तू सारख्या पटीत महाग नसते. जागतिक बँकेच्या देखरेखीखाली जगभरातल्या किमतींची तुलना होते, त्यात २०१७ साली १ डॉलरची अमेरिकेतली खरेदी भारतात करायला सरासरी २०.६५ रुपये पुरत होते, आणि बँकेत डॉलर होता ६५.१२ रुपयांना. म्हणजे तिप्पट फरक. पण म्हणून सरळ तीनने भागून मोकळं होऊ नका, कारण ही सरासरी अख्ख्या देशाची आहे, तिच्यात गावातलं भाडं आणि तिथली मजुरीपण आली. बाणेरला राहणारं, गाडी असलेलं, मूल इंग्लिश मीडियमला असलेलं घर त्या सरासरीत बसत नाही, त्याचा आकडा वेगळाच येतो.

फरक कुठून येतो ते समजलं की हिशोब निम्मा झाला. जहाजातून किंवा कारखान्यातून येणारी गोष्ट, म्हणजे फोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीन, बूट, ही जगात सगळीकडे साधारण सारख्याच किमतीला मिळते, उलट कधीकधी तिकडे स्वस्त. माणसाच्या हाताने होणारी गोष्ट, केस कापणं, नळ दुरुस्ती, पोळ्या, घरची साफसफाई, मूल सांभाळणं, ही तिकडे प्रचंड महाग, कारण तिथल्या प्लंबरलाही तिथलंच भाडं भरायचंय. आणि तिसरा प्रकार म्हणजे सरकारकडून मिळणाऱ्या गोष्टी, शाळा, दवाखाना, बस, ज्यांचे बरेचसे पैसे तुमच्या पगारातून आधीच कापलेले असतात. स्वतःच्या घरचा प्रत्येक खर्च या तीनपैकी कशात जातो ते बघा, लगेच लक्षात येईल तुम्हाला काय झेपणार आहे आणि काय नाही.

आधी पुण्याची वही

हे काम लोक टाळतात आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. आपला महिन्याचा खर्च किती असं विचारलं की लोक अंदाजाने ५०-६० हजार सांगतात, मग बँकेचं स्टेटमेंट आणि यूपीआयची हिस्टरी काढून बघितलं की आकडा निघतो ८०. मागच्या तीन महिन्यांचं काढा आणि वर्षातून एकदा येणारं सगळं बाराने भागून त्यात घाला: शाळेची फी, महापालिकेचा टॅक्स, गाडीचा इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग, मेडिक्लेम, दिवाळी, लग्नकार्यांचे आहेर, गावाला जाणं. मग महिन्याचं नेहमीचं, सोसायटीचा मेंटेनन्स, लाइट बिल, गॅस, पेट्रोल, दूध, किराणा, भाजी, काम करणाऱ्या मावशी, पोळ्यांच्या मावशी, इस्त्री.

आता वहीत असा एक कॉलम करा जो कुणीच करत नाही: जे आपण वापरतो पण ज्याचे पैसे देत नाही. घर स्वतःचं असेल तर तेवढ्या घराचं आजचं भाडं लिहा. आजी-आजोबा नातवंडाला सांभाळत असतील तर पाळणाघराचा रेट लिहा. सासूबाई सकाळचा स्वयंपाक करतात, भाऊ मुलांना क्लासला सोडतो, सगळं लिहा. हे इथे फुकट आहे म्हणून दिसत नाही, तिकडे विमानातून उतरल्या दिवसापासून दिसायला लागतं. आमचं मूल तेव्हा अडीच वर्षांचं होतं आणि इथे ते माझ्या आईकडे असायचं, हा कॉलम आम्ही केलाच नव्हता.

तिकडचा पगार म्हणजे हातात किती

इकडच्या सीटीसीत कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरलेली असते, तिकडच्या ग्रॉसमध्ये कंपनीचा वाटा नसतो, त्यामुळे ते दोन आकडे शेजारी ठेवूच नका. दोन्हीकडचं इन-हँड काढा. इथे १५ लाखांच्या पॅकेजमधून पीएफ, इन्कम टॅक्स आणि वर्षाचा २५०० रुपये प्रोफेशन टॅक्स गेला की हातात महिन्याला साधारण लाखभर येतात. जर्मनीत ६० हजार ग्रॉस म्हणजे महिन्याला ५ हजार, आणि एकट्या माणसाच्या हातात येतात साधारण ३१०० ते ३२०० युरो. बाकीचा इन्कम टॅक्स, पेन्शन, हेल्थ इन्शुरन्स, बेरोजगारी विमा वगैरे. लग्न झालेलं असेल, जोडीदार तिथेच राहत असेल आणि कमवत नसेल तर टॅक्स क्लास ३ (क्लास म्हणजे पगारातून किती टॅक्स कापायचा हे ठरवणारा गट) मिळतो आणि हातात बरेच जास्त येतात. ‘ब्रुटो नेटो रेखनर’ असं शोधलंत की कॅल्क्युलेटर मिळतात, त्यात आपला टॅक्स क्लास टाकून बघा. तिथल्या सरकारी ऑफिसात राहत्या पत्त्यावर नाव नोंदवताना धर्म विचारतात, तिथे चर्चचे सदस्य असाल तर इन्कम टॅक्सवर अजून ८ किंवा ९ टक्के चर्च टॅक्स लागतो, त्यामुळे तो फॉर्म घाईत भरू नका.

कापलेले पैसे वाया जात नाहीत हेही मनापासून सांगते. सरकारी पद्धतीच्या हेल्थ इन्शुरन्समध्ये न कमावणारा जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता कव्हर होतात. सरकारी शाळेला फी नाही. मुलामागे बालभत्ता मिळतो, २०२५ साली महिना २५५ युरो. पुण्यात शाळेच्या फीला दीड लाख भरणाऱ्या घराने हे तिकडच्या बाजूला मिळकत म्हणून लिहायलाच हवं, नाहीतर तुलना उलट्या बाजूने खोटी ठरते.

भाडं

जाहिरातीतलं भाडं दोन प्रकारचं असतं, काल्टमीटे आणि वार्ममीटे. काल्ट म्हणजे नुसती जागा, वार्म म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा, जिना साफ करणं हे धरून. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्यातही नसतं. वहीत वार्म अधिक वीज अधिक नेट असं लिहा. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्ट भाडं, आणि ते तीन हप्त्यांत द्यायची मुभा आहे, आम्हाला हे माहीत नव्हतं, घरमालकाने एकदम मागितलं आणि आम्ही एकदम दिलं, त्या महिन्यात अक्षरशः भातावर दिवस काढले.

आणि किचन. तिकडे पुष्कळ घरं रिकामी म्हणजे खरोखर रिकामी मिळतात, ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, दिव्याच्या जागी नुसत्या वायरी. आधीच्या भाडेकरूचं किचन विकत घ्यायचं किंवा नवीन बसवायचं, दोन्हीला हजारात युरो जाऊ शकतात. जाहिरातीत किचन धरलंय का हे सगळ्यात आधी वाचा. पहिल्या दोन महिन्यांचा हा सगळा खर्च, डिपॉझिट, किचन, गाद्या, थंडीचे कपडे आणि बूट, वेगळ्या पानावर लिहा, महिन्याच्या खर्चात मिसळू नका. कंपनी रिलोकेशनचे पैसे देते का आणि ते दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर परत मागते का, हेही त्याच पानावर.

तासांचा हिशोब

एखादी गोष्ट महाग का स्वस्त हे रुपयात न बघता आपल्या कामाच्या तासात बघा. तिकडे ३१५० युरोला महिन्याचे १७० तास, म्हणजे तासाला साडेअठरा युरो. इकडे लाखाला, ट्रॅफिकचे सोडून, २०० तास धरा, तासाला ५०० रुपये. आता बघा. लिटरभर दूध तिकडे एक-सव्वा युरो, चार मिनिटांचं काम, इकडे ६० रुपये, सात मिनिटं. पुरुषाचा हेअरकट तिकडे २५ युरो, एक तास वीस मिनिटं, इकडे दीडशे रुपये, अठरा मिनिटं. चांगला फोन तिकडे साडेनऊशे युरो, ५१ तास, इकडे ८० हजार, १६० तास. छोट्या कुटुंबाचं भाडं तिकडे १२०० वार्म धरलं तर ६५ तास, इकडे २८ हजार म्हणजे ५६. कोणती गोष्ट कुठे हलकी आहे ते एका नजरेत कळतं. माझ्या मते सगळ्या वेबसाइटवरच्या इंडेक्सपेक्षा हे वीस ओळींचं कोष्टक जास्त खरं बोलतं, कारण त्यात तुमचा पगार आहे. शहराशहरातल्या किमती दाखवणाऱ्या नंबिओसारख्या साइटवर लोकांनीच भरलेले आकडे असतात, सुरुवातीच्या अंदाजाला ठीक, पण भाडं मात्र तिथल्या घरांच्या जाहिराती बघूनच लिहा.

आता एक पूर्ण उदाहरण

आमच्या सोसायटीतला एकटा मुलगा, घर आईवडिलांचं, स्वतःच्या फ्लॅटचा ईएमआय २८ हजार. तिकडे हातात ३१५०. एका खोलीचं घर ९०० वार्म, वीज-नेट ८०, बस-ट्रेनचा देशभराचा पास २०२५ च्या रेटने ५८, टीव्ही-रेडिओची सक्तीची वर्गणी १८.३६ (घरात टीव्ही नसला तरी), किराणा-भाजी ३००, मोबाइल १५, लायबिलिटी इन्शुरन्स (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा) ६, बाहेर खाणं-कपडे-फिरणं २५०, आणि वर्षातून एकदा पुण्याला यायचं तिकीट महिन्यावर वाटून ८५. एकूण १७१२ च्या आसपास. उरले १४३८. त्यातून ईएमआयचे २८० युरो इकडे पाठवायचे. राहिले साधारण ११५८, म्हणजे १ लाख १५ हजार रुपये. इकडे त्याच मुलाचे, घरात २५ हजार देऊन आणि ईएमआय भरून, ४५ हजारांच्या पुढेमागे उरतात, वर त्याचा आणि कंपनीचा मिळून पीएफ महिना १२ हजार. म्हणजे फायदा आहे, दुप्पट आहे, पण चौपट नाही. आणि हे घरी स्वयंपाक करणाऱ्या मुलाचं गणित आहे, रोज बाहेर जेवलात तर अजून ३००-४०० युरो वजा करा.

कुटुंब असेल तर गणित बदलतं आणि सगळ्यात मोठा आकडा कुणी लिहितच नाही, तो म्हणजे जोडीदाराचा बंद होणारा पगार. मी इथे शिक्षिका होते, महिना ४२ हजार आणि पीएफ. तिकडे नोकरीची परवानगी होती पण जर्मन येत नव्हतं, पहिली दोन वर्षं भाषा आणि मूल यातच गेली. हे ४२ हजार इकडच्या बाजूला लिहायचे असतात. भाषेच्या क्लासची फीपण लिहा, आणि शक्य असेल तर बी१ (भाषेची मधली पातळी) पर्यंत इथूनच करून जा, पुण्यात शिकायच्या जागा भरपूर आहेत.

इकडे चालूच राहणारे खर्चही विसरू नका. बंद फ्लॅटचा मेंटेनन्स, आईवडिलांचा मेडिक्लेम आणि औषधं, त्यांच्यासाठी ठेवलेली बाई, अचानक यावं लागलं तर ऐनवेळचं तिकीट. शेवटच्यासाठी मी सरळ दीड हजार युरो वेगळे ठेवायला सांगते, माझे वडील आजारी पडले तेव्हा तिकिटाला पैसे आहेत का हा विचार करायची वेळ आली नसती तर बरं झालं असतं.

शिकायला जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायचे आणि मग दर महिन्याला ठराविकच काढता येतात त्या खात्याला, सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो लागतात, महिन्याचे ९९२, पण ही व्हिसाची किमान रक्कम आहे, म्युनिकमध्ये ती ताणून वापरावी लागते. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट आलं, युरोपियन युनियनबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो फी आहे, ते जर्मनीत सगळं फुकट असतं असं समजून जाऊ नका.

दुसरे देश असतील तर हे कॉलम वाढवा. ब्रिटनला व्हिसाबरोबरच हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचे पैसे), मोठ्या माणसाला वर्षाचे १०३५ पाउंड, व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचे आधीच भरायचे, आणि तिथे गेल्यावर काउन्सिल टॅक्स, म्हणजे राहत्या घरामागे तिथल्या पालिकेचा कर, वेगळा. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत लेबलवरच्या किमतीवर सेल्स टॅक्स वरून लागतो, आणि हेल्थ इन्शुरन्सच्या हप्त्याशिवाय डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्सने पैसे द्यायच्या आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, किती हे एचआरला विचारल्याशिवाय आकडा मांडूच नका. दुबईत इन्कम टॅक्स नाही, पण मुलांच्या शाळेची फी आणि भाडं मिळून तो आनंद बराचसा परत घेतात.

रूपांतर करताना बाजारात जो रेट आहे त्याहून तीन-चार रुपये कमी धरा, पैसे पाठवताना रेट तेवढा मिळत नाही. आणि तिकडे पोचल्यावर वही बंद करू नका, कारण हीटिंग-पाण्याचा खरा हिशोब वर्ष संपल्यावर येतो आणि जास्त वापर झाला असेल तर घरमालक एकदम काही शे युरो मागतो. पहिलं ते बिल येईपर्यंत महिन्याला ४०-५० युरो बाजूला टाकत राहा.