फीडर पायलटचं रोस्टर हातात आल्यावर

मालवाहू फीडरवर, म्हणजे मोठ्या विमानांचा माल पुढे पोचवणाऱ्या छोट्या विमानावर, रुजू होणारी पोरं पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, महिन्याला तास किती पडतात?" मी विचारते, कुठले? उडायचे, ड्युटीचे की झोपेचे? पोरं हसतात. दुसऱ्या महिन्यात हसत नाहीत.

आधी दिवस कसा असतो ते सांगते. मोठी जेट विमानं रात्री हबवर, म्हणजे माल वाटला जातो त्या मुख्य विमानतळावर, उतरतात, माल पट्ट्यांवरून फिरून वेगळा होतो, आणि जिथे मोठं विमान पाठवणं परवडत नाही तिथला माल पहाटे आमच्या विमानात चढतो. हे विमान बहुतेक वेळा सेसना कॅरॅव्हॅन असतं. एक इंजिन, एकच पायलट. माल जास्त असेल तिथे एटीआर, म्हणजे दोन इंजिनांचं जरा मोठं विमान. माझा जुना मार्ग असा होता: पहाटे ५:१५ ला रिपोर्टिंग, ६:१० ला टेकऑफ, ६:५५ ला आउटस्टेशन, म्हणजे माल पोचवायचा तो लांबचा विमानतळ. मग दिवसभर तिथेच मुक्काम. संध्याकाळी ५:५० ला तिथली पार्सलं घेऊन निघायचं, ६:३५ ला हब, ७ ला सुटका. लॉगबुकात दीड तास, ड्युटी पावणेचौदा तास. आठवड्याचे पाच दिवस असं केलं तर वर्षाकाठी साडेतीनशे-चारशे तास जमतात. उड्डाणाचे तास लवकर जमवून एअरलाइनला जायची घाई असेल तर हा हिशोब सही करण्याआधी करा, नंतर नाही.

नियम देशागणिक वेगळे आहेत, पण ते काय मोजतात हे समजून घ्या. अमेरिकेत अशा छोट्या मालवाहू सेवेत एकट्या पायलटला २४ तासांत ८ तास उड्डाण करता येतं, दोघे असतील तर १०. दीड तासवाल्याला त्या मर्यादेचं सोयरसुतक नसतं. त्याला दमवतो तो मधला रिकामा दिवस. तिथेच २०१४ मध्ये प्रवासी विमानांच्या पायलटांसाठी विश्रांतीचे नवे नियम आले, तेव्हा मालवाहूंना त्यातून वगळलं. पार्सलं दमल्याची तक्रार करत नाहीत, एवढाच काय तो फरक.

तर रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, आलं की उड्डाणांच्या आधी त्यावर झोप लिहा. पेन्सिलीने, मागून पुढे. ५:१५ ला रिपोर्टिंग, चाळीस मिनिटं रस्ता, आवरायला पन्नास मिनिटं, म्हणजे उठायचं पावणेचारला. सव्वासात तास झोप हवी तर साडेआठला दिवा बंद. पण सुटका सातला, घरी पोचायला सात चाळीस. दार आणि उशी यांच्यामध्ये पन्नास मिनिटं उरतात. त्यात जेवण, आंघोळ, फोन, भांडण, सगळं. हे रोज जमत नाही, म्हणून तुटणारा तास-दीड तास आउटस्टेशनवर भरून काढायचा. तो नशिबावर सोडू नका, रोस्टरवर लिहा.

त्यासाठी आडवं व्हायला जागा लागते. काही कंपन्या हॉटेलची खोली देतात, काही एक आरामखुर्ची आणि डुगडुगणारा पंखा, काही काहीच देत नाहीत. मुलाखतीत पगाराच्या आधी हेच विचारा: दिवसभर मी झोपणार कुठे? उत्तर लांबायला लागलं की समजा, जागा नाही. आम्ही चार पायलटांनी मिळून एक खोली भाड्याने घेतली होती. खिडकीला काळा कागद चिकटवला होता आणि दारामागे एकच नियम लिहिला होता: झोपलेल्याशी बोलू नये. दुपारी झोपायचं तर वीस-पंचवीस मिनिटं, नाहीतर सरळ दीड तास. पाऊण तासाने गजर लावलात तर गाढ झोपेतून उठाल आणि पुढचा अर्धा तास डोकं कापसासारखं राहील. विमानात माल चढायला लागेल त्याच्या तासभर आधी जागे असा. आणि रिकामा दिवस दिसतोय म्हणून आउटस्टेशनवर दुसरी नोकरी धरू नका. धरलेले मी पाहिलेत. संध्याकाळच्या फेरीला ते बसतात तेव्हा त्यांचा दिवस संपलेला असतो.

रात्रीचं रोस्टर वेगळं प्रकरण आहे. पहाटे २ ते ६ शरीर सगळ्यात खाली गेलेलं असतं. तापमान उतरतं आणि डोळ्यांत वाळू येते. तुम्ही कितीही वर्षं रात्रपाळी केलीत तरी ही वेळ पूर्णपणे हलत नाही. झोप दोन तुकड्यांत घ्या: सकाळी परतल्यावर साडेचार-पाच तास, आणि निघण्याआधी संध्याकाळी दीड तास. घरी गाडीने येताना गडद गॉगल लावा. सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की शरीर दिवस सुरू झाला असं धरून चालतं. कॉफी घेतल्यावर पाच तासांनीही निम्मी अंगात असते. साडेसातला झोपणार असाल तर शेवटचा कप दीडच्या पुढे नको. सुट्टीच्या दोन दिवसांत पूर्ण माणसांत यायचा हट्ट धरू नका. मी रात्री अडीचला झोपते आणि साडेदहाला उठते. घरच्यांना निम्मा दिवस मिळतो आणि सोमवारी मला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

हे मी शहाणपणाने शिकले नाही. पहाटे चार चाळीस, ढगांत, एकटी. कंट्रोलरने फ्रिक्वेन्सी दिली, मी चुकीची परत वाचली. त्याने दुरुस्त केली, मी पुन्हा चुकीची वाचली. तिसऱ्यांदा त्याने आकडे सुटे सुटे सांगितले, लहान मुलाला सांगावेत तसे. मी आकडे लिहून घेऊन वर पाहिलं तर सहा हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं आणि उंचीमापक सहा हजार तीनशे दाखवत होता. खाली आले. जवळ कुणी नव्हतं म्हणून निभावलं. उतरल्यावर मोजलं, एकोणीस तास जागी होते. त्या आठवड्यात उड्डाणं नेहमीसारखीच होती. जागरण घरी झालं होतं: गॅसवाला आला होता, बहिणीकडचं काम होतं, बँकेत जायचं होतं. दिवसा घरात दिसणारं माणूस रिकामंच असतं अशी सगळ्यांची समजूत असते, आणि ती मोडायचं काम आपलंच. मी तेव्हापासून झोपेचे तास फ्रिजवर चिकटवते आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवते. पहिले दोन महिने नातेवाईक रुसतात.

१४ ऑगस्ट २०१३ ला अलाबामातल्या बर्मिंगहॅमला एक मालवाहू एअरबस ए-३०० विमान पहाटे पाचच्या आत, धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. दोन्ही पायलट गेले. तपासात कारणांबरोबर थकव्याचीही नोंद झाली, आणि सहवैमानिकाच्या बाबतीत ड्युटीबाहेरच्या वेळेचं नियोजन चुकल्यामुळे झोप कमी पडली, असं स्पष्ट लिहिलं गेलं. तो अहवाल वाचल्यापासून गॅसवाल्याला मी संध्याकाळी बोलावते.

आता मालाबद्दल थोडं, कारण एकट्या पायलटला हेही बघावं लागतं आणि ते नेमकं झोपेच्या अमलाखाली. कॅरॅव्हॅनमध्ये माल मागून चढतो. पुढचा भाग रिकामा असताना मागे वजन पडलं तर शेपूट जमिनीला टेकते, म्हणून शेपटीखाली एक टेकू लावतात. तो निघाला की नाही हे इंजिन सुरू करण्याआधी स्वतः जाऊन बघा. "काढला ना?" असं ओरडून विचारणं म्हणजे बघणं नव्हे. धोकादायक मालाचा कागद हातात आला की सहीआधी वाचा. कोरडा बर्फ असेल तर त्याचा कार्बन डायऑक्साइड त्याच केबिनमध्ये साठतो जिथे तुम्ही बसता, आणि त्याने येणारी सुस्ती थकव्यासारखीच भासते. हवा खेळती ठेवा. एका दिवसाची कोंबडीची पिल्लं असतील तर ती बर्फापासून लांब ठेवा. त्यांचा चिवचिवाट इंजिनावरून ऐकू येत नाही, पण उतरल्यावर इंजिन बंद केलं की एकदम शंभर आवाज उठतात. मला तो क्षण आवडतो, कारण तेवढ्यापुरतं तरी कुणी माझी वाट बघत होतं असं वाटतं.

कॅरॅव्हॅनमध्ये संडास नसतो. कुणी सांगत नाही म्हणून सांगितलं.

आणि शेवटी, थकलात तर फोन कसा करायचा. मनात आधी वाक्य घोळवून ठेवा, कारण थकलेलं डोकं वाटाघाटी करायला लागतं. एवढंच म्हणा: "थकव्यामुळे मी उड्डाणासाठी तंदुरुस्त नाही." खोकला आहे, पोट बिघडलंय असल्या सबबी जोडू नका, नाहीतर थकव्याची नोंद कधीच होणार नाही आणि रोस्टर बदलणार नाही. त्याच दिवशी अहवाल लिहा, त्यात मागच्या तीन दिवसांची झोप तासांत मांडा. मी पहिल्यांदा असा फोन केला तेव्हा डिस्पॅचवाल्याने, म्हणजे उड्डाणं लावणाऱ्या माणसाने, विचारलं, "तासाभराने बरं वाटेल का?" नाही म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांनी दुसरा पायलट उठवला, माल तीन तास उशिरा गेला. त्या तीन तासांतले पहिले दहा मिनिटं मला अपराधी वाटलं, मग डोळा लागला.