टर्बोची गाडी आंबा घाटात खडखडायची, त्यावर केलेला उपाय
माझ्या पेट्रोल गाडीचं कॉम्प्रेशन १०:१ (पिस्टन आतलं मिश्रण दहाव्या हिश्शात दाबतो), त्यावरच आधीच्या मालकाने टर्बो चढवलेला. रत्नागिरी ते साखरपा मस्त, आंबा घाट चढताना मात्र खडखड. टर्बो मुळात दाबलेली, तापलेली हवा आत ढकलतो. पिस्टन ती आणखी दाबतो आणि ठिणगीनंतर उरलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण आपोआप भडकतं, तीच ही खडखड. असं चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडतं. कॉम्प्रेशन कमी करायला जाड हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि त्यावरच्या हेडमधलं पातळ सील) स्वस्त पडलं असतं, पण पिस्टन-हेडमधली फट वाढली की मिश्रण नीट घुसळत नाही, मला ते पटलं नाही. खोलगट माथ्याचे फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, मजबूत) पिस्टन घालून कॉम्प्रेशन ८.५:१ केलं. टर्बोची तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर बसवला, बूस्ट (टर्बोचा जादा दाब) ०.४ बारवर बांधला, ठिणगीचं टायमिंग थोडं मागे घेतलं, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडते. आता मे महिन्यातही खडखड नाही. बूस्ट येईपर्यंत गाडी जरा मंद वाटते, ते चालेल.